प्राथमिक शाळेतील मुलांची ऑनलाइन सुरक्षा

प्राथमिक शाळेतील मुलांची ऑनलाइन सुरक्षा म्हणजे इयत्ता पहिली ते पाचवीत शिकणाऱ्या, साधारणतः ६ ते ११ वर्षे वयाच्या मुलांचे आंतरजालाच्या वापरातून संभवणाऱ्या हानीपासून रक्षण करण्यासाठी घरी, शाळेत आणि कायद्याच्या पातळीवर योजले जाणारे उपाय होत. अनुचित आशय, अनोळखी व्यक्तींचा संपर्क, समवयस्कांकडून होणारा छळ, आर्थिक फसवणूक आणि वैयक्तिक माहितीचा गैरवापर हे या विषयाचे प्रमुख घटक आहेत.

या वयाची मुले बहुधा स्वतःच्या नव्हे, तर पालकांच्या फोनवरून आंतरजाल वापरतात. संकेतस्थळाच्या अटी वाचणे, जाहिरात ओळखणे किंवा समोरच्या व्यक्तीचा हेतू जोखणे त्यांना शक्य नसते. त्यामुळे किशोरवयीन मुलांच्या बाबतीत स्वतःच्या सावधगिरीवर जितका भर देता येतो, तितका येथे देता येत नाही. मुख्य जबाबदारी पालक, शिक्षक, सेवा पुरविणाऱ्या कंपन्या आणि शासन यांच्यावर येते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील परिस्थितीचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी

संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मुलांना माहिती मिळविण्याचा हक्क आणि शोषणापासून संरक्षणाचा हक्क हे दोन्ही मान्य करण्यात आले आहेत. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी या संहितेचा स्वीकार केला. डिजिटल परिसरात हे हक्क कसे लागू होतात, याचे स्पष्टीकरण संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये प्रसृत केलेल्या सर्वसाधारण टिप्पणी क्रमांक २५ मध्ये केले आहे. मुलांना आंतरजालापासून तोडणे हा संरक्षणाचा मार्ग नसून त्यांना सुरक्षित प्रवेश मिळवून देणे अभिप्रेत आहे, अशी या टिप्पणीची भूमिका आहे.

भारतात प्राथमिक शाळेतील मुलांच्या हाती फोन मोठ्या प्रमाणावर आला तो कोव्हिड-१९ महामारीच्या काळात. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर अभ्यास व्हॉट्सॲप, यूट्यूब आणि दूरदृश्य वर्गांच्या माध्यमातून होऊ लागला. महाराष्ट्रात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या अभ्यासमालेद्वारे दररोजचा अभ्यास पालकांच्या फोनवर पाठविण्यास सुरुवात केली. ‘प्रथम’ या संस्थेशी संलग्न असलेल्या असर केंद्राच्या पाहणीनुसार, ग्रामीण भारतातील शाळेत नोंद असलेल्या ज्या मुलांच्या घरी किमान एक स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते. २०२१ मध्ये ते ६७.६ टक्के झाले. शाळा पुन्हा सुरू झाल्यानंतरही गृहपाठ, सूचना आणि प्रकल्प फोनवर पाठविण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी टिकून राहिली.

ऑनलाइन वर्गांच्या प्रारंभीच्या काळात परक्या व्यक्तींनी वर्गात घुसून अश्लील चित्रे दाखविल्याच्या घटना जगभर घडल्या. केंद्रीय गृह मंत्रालयाने १६ एप्रिल २०२० रोजी झूम या सेवेच्या वापराबाबत सावधगिरीची सूचना काढली. पुढे १४ जुलै २०२० रोजी केंद्रीय शिक्षणखात्याने ‘प्रज्ञाता’ ही डिजिटल शिक्षणविषयक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार पूर्वप्राथमिक वर्गांसाठी दिवसाला ३० मिनिटांपेक्षा अधिक नाही, तर पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांच्या दोनपेक्षा अधिक ऑनलाइन तासिका नाहीत, अशी मर्यादा सुचविण्यात आली. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि युनेस्को यांनीही त्याच वर्षी सुरक्षित ऑनलाइन शिक्षणाविषयी एक पुस्तिका प्रसिद्ध केली.

सामायिक फोनचा प्रश्न

मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेविषयीची बरीचशी साधने प्रत्येक मुलाचे स्वतंत्र उपकरण आणि स्वतंत्र खाते आहे, हे गृहीत धरून तयार झाली आहेत. फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट इत्यादी सेवांच्या अटींनुसार खाते उघडण्यासाठी किमान वय १३ वर्षे लागते. मात्र आईच्या किंवा वडिलांच्या फोनवर आधीच सुरू असलेल्या खात्यातून मूल जेव्हा चित्रफिती पाहते, तेव्हा सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने तो वापर एका प्रौढाचाच असतो. वयोमर्यादा, मुलांसाठीचे आशयनियंत्रण आणि जाहिरातींवरील बंधने यांपैकी काहीही अशा वेळी आपोआप लागू होत नाही.

सामायिक फोनमुळे उद्भवणाऱ्या अडचणी पुढीलप्रमाणे आहेत:

- प्रौढ व्यक्तीने पाहिलेल्या आशयावरून तयार झालेल्या शिफारशी मुलासमोर येतात.
- व्हॉट्सॲपच्या गटांवर आलेली छायाचित्रे व चित्रफिती फोनच्या गॅलरीत आपोआप साठविली जातात आणि मूल गॅलरी उघडते तेव्हा ती त्याच्या दृष्टीस पडतात.
- यूपीआय, बँक आणि खरेदीची ॲप त्याच फोनवर असतात. पालकांनी वापरलेला पिन मुलांच्या सहज लक्षात राहतो.
- मुलाने पाठविलेला संदेश पालकांच्या नावाने जातो आणि पालकांना आलेला संदेश मूल वाचते.

असर केंद्राच्या २०२१ च्या पाहणीत, घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळत नसल्याचे आढळले. फोन दिवसा पालकांबरोबर कामावर जातो आणि मुलाच्या हाती तो येतो तेव्हा बहुधा रात्र झालेली असते किंवा घरातील मोठी माणसे अन्य कामांत गुंतलेली असतात. वापराचा कालावधी थोडा असला, तरी तो देखरेखीविना असण्याची शक्यता त्यामुळे वाढते.

जोखमींचे वर्गीकरण

युरोपातील ‘ईयू किड्स ऑनलाइन’ या संशोधन प्रकल्पाने २००९ मध्ये मुलांसमोरील ऑनलाइन जोखमींची आशय, संपर्क आणि वर्तन अशी विभागणी केली. सोनिया लिव्हिंगस्टन आणि मारिया स्टोइलोवा यांनी २०२१ मध्ये तीत ‘करार’ या चौथ्या प्रकाराची भर घातली. इंग्रजीत हे चारही शब्द ‘सी’ या अक्षराने सुरू होत असल्याने हे वर्गीकरण ‘चार सी’ म्हणून ओळखले जाते.

आशय

हिंसक, अश्लील किंवा भीतिदायक दृश्ये मुलाच्या दृष्टीस पडणे हा या प्रकारातील मुख्य धोका होय. लहान मुले असा आशय बहुधा शोधत नाहीत. एकामागून एक आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफितींतून किंवा चुकीच्या शब्दशोधातून ती तेथे पोहोचतात. लोकप्रिय कार्टून पात्रे वापरून तयार केलेल्या विकृत चित्रफिती मुलांच्या शिफारशींमध्ये दिसत असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. हे प्रकरण ‘एल्सागेट’ या नावाने ओळखले गेले आणि यूट्यूबला मोठ्या प्रमाणावर चित्रफिती काढून टाकाव्या लागल्या. ओळखीचे पात्र दिसले म्हणजे चित्रफीत मुलांसाठीच आहे, असा समज धोक्याचा ठरू शकतो, हे या प्रकरणातून दिसून आले. खोटी माहिती आणि धोकादायक आव्हानांच्या चित्रफिती यांचाही याच प्रकारात समावेश होतो.

संपर्क

लैंगिक शोषणाच्या हेतूने मुलाशी ओळख वाढविणे हा या प्रकारातील सर्वांत गंभीर धोका मानला जातो. अशी व्यक्ती अनेकदा ऑनलाइन खेळातील संवादातून मुलाशी बोलू लागते, स्वतःचे वय लपविते, खेळातील भेटवस्तू देते आणि संभाषण खासगी संदेशांकडे वळविते. त्यानंतर ‘हे आपल्या दोघांतच ठेवायचे’ अशी अट येते. पुढे छायाचित्रांची मागणी आणि ती उघड करण्याची धमकी असा क्रम आढळतो. संपर्क करणारी व्यक्ती नेहमीच अनोळखी असते असे नाही. नात्यातील किंवा परिचयातील व्यक्तीही फोनचा असा उपयोग करू शकते. म्हणून ‘अनोळखी माणसाशी बोलू नये’ एवढीच शिकवण अपुरी ठरते.

वर्तन

समवयस्कांनी एकमेकांना दिलेला त्रास या प्रकारात मोडतो. प्राथमिक वयात त्याचे स्वरूप एखाद्याला गटातून वगळणे, वर्गमित्राच्या छायाचित्राचे थट्टेचे स्टिकर करणे किंवा दुसऱ्याच्या खात्यातून संदेश पाठविणे असे असते. भारतीय न्याय संहितेनुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही, तर ७ ते १२ वर्षांच्या मुलाला कृत्याचे स्वरूप व परिणाम समजण्याइतकी परिपक्वता नसेल, तर त्यालाही हे संरक्षण लागू होते. त्यामुळे त्रास देणारे आणि सोसणारे अशा दोन्ही मुलांशी बोलणे, समुपदेशन करणे आणि दोघांच्याही पालकांना विश्वासात घेणे हा मार्ग अवलंबिला जातो.

करार

मुलाला न कळता त्याच्याकडून पैसे, वेळ किंवा माहिती घेणाऱ्या व्यवहारांचा समावेश या प्रकारात होतो. खेळातील हत्यारे, पोशाख व नाणी यांची खरेदी, जाहिरात आणि कार्यक्रम यांची सरमिसळ, तसेच मुलाच्या आवडीनिवडींची नोंद ठेवणे ही त्याची उदाहरणे होत. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी पालक व शिक्षकांसाठी सूचना काढली. पालकांच्या संमतीविना खेळात खरेदी होऊ देऊ नये, खरेदी ओटीपीवर आधारित असावी आणि बँकेच्या कार्डाची नोंद ॲपमध्ये ठेवू नये, असे तीत सांगण्यात आले.

वयानुरूप समज

पहिली-दुसरीतील मुलांना पडद्यावरील घटना खरी की रचलेली, हे नेहमी ओळखता येत नाही. जाहिरातीचा उद्देश वस्तू विकणे हा असतो, हेही त्यांना पुरतेपणी उमगत नाही. या वयात मोजके आणि ठाम नियम उपयोगी पडतात: फोन मोठ्यांच्या समोर बसून वापरणे, विचित्र किंवा भीती वाटणारे काही दिसल्यास फोन पालथा ठेवून मोठ्यांना हाक मारणे, आणि न विचारता नवीन काहीही न उघडणे.

तिसरी ते पाचवीत मुले स्वतः वाचू व टंकू लागतात, मित्रांबरोबर खेळ खेळतात आणि घरच्यांपासून थोडे दूर राहून वापर करू पाहतात. या टप्प्यावर नियमांमागील कारणे समजावून सांगता येतात. पूर्ण नाव, पत्ता, शाळेचे नाव, दूरध्वनी क्रमांक, पासवर्ड आणि ओटीपी कोणालाही न देणे, गुपित आणि अचानक आनंद देण्यासाठी राखलेली गोष्ट यांतील फरक, तसेच एकदा पाठविलेले छायाचित्र परत घेता येत नाही ही जाणीव, या गोष्टी या वयात शिकविल्या जातात.

त्रास झाल्यावर मुले गप्प राहण्यामागे शिक्षेची भीती हे एक महत्त्वाचे कारण असते. घडलेला प्रकार सांगितल्यास रागावणे होईल आणि फोन कायमचा काढून घेतला जाईल, असे मुलाला वाटते. धमकी देणारी व्यक्ती याच भीतीचा उपयोग करते. त्यामुळे मुलाने सांगितलेले शांतपणे ऐकणे, त्याचा दोष नसल्याचे स्पष्ट करणे आणि सांगितल्याबद्दल त्याला शिक्षा न करणे हे बालसंरक्षणातील मूलभूत तत्त्व मानले जाते.

घरातील उपाय

घरातील उपायांचे तांत्रिक आणि वर्तनविषयक असे दोन भाग पडतात. मुलासाठी पालकांच्या देखरेखीखालील स्वतंत्र खाते तयार करणे हा तांत्रिक उपायांचा पाया होय. गूगलच्या फॅमिली लिंक या सेवेद्वारे ॲप उतरवून घेण्यास परवानगी देणे, वापराची वेळ ठरविणे आणि आशय गाळणे या गोष्टी पालकांना करता येतात. ॲपलच्या उपकरणांवर स्क्रीन टाइम ही सोय त्यासाठी उपलब्ध आहे.

फोन एकच असल्यास पुढील उपाय करता येतात:

- काही अँड्रॉइड फोनवर उपलब्ध असलेली स्वतंत्र वापरकर्त्याची किंवा मुलांसाठीची सोय सुरू करणे.
- ॲप पिन करून मुलाला एकाच ॲपपुरते मर्यादित ठेवणे. पिन किंवा कुलूपसंकेत दिल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही, अशी निवड त्यासोबत करणे.
- यूट्यूबऐवजी लहान मुलांसाठीचे यूट्यूब किड्स हे ॲप देणे आणि त्यातील शोधाची सोय बंद ठेवणे.
- चित्रफिती आपोआप एकामागून एक सुरू होणे बंद करणे.
- व्हॉट्सॲपवरील माध्यमे गॅलरीत दिसणार नाहीत, अशी मांडणी करणे.
- पैशांच्या ॲपना स्वतंत्र कुलूप लावणे आणि ॲपच्या दुकानातून होणाऱ्या प्रत्येक खरेदीस पासवर्ड आवश्यक करणे.

फोनची भाषा मराठी केल्यास दिवसभर मुलांना सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही या सोयी समजून घेणे सोपे जाते. तथापि कोणतीही गाळणी परिपूर्ण नसते. फोन घरातील वावराच्या जागी वापरणे, जेवताना व झोपण्याच्या खोलीत तो न नेणे आणि हेच नियम मोठ्यांनीही पाळणे यांवर त्यामुळे भर दिला जातो.

वापराच्या वेळेबाबत इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवावे, दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी एक तासाची आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांची मर्यादा पाळावी, असे सुचविले आहे. झोप, मैदानी खेळ, अभ्यास आणि कुटुंबाबरोबरचा वेळ यांवर पडद्याने अतिक्रमण करू नये, हा त्यामागील विचार आहे.

मुलांची छायाचित्रे पालकांनीच समाजमाध्यमांवर टाकणे हाही सुरक्षेचा भाग मानला जातो. शाळेचा गणवेश, ओळखपत्र, घराचा परिसर किंवा रोजच्या ये-जा करण्याच्या वेळा यांवरून मुलाची ओळख आणि ठावठिकाणा कळू शकतो. अंघोळीची किंवा अपुऱ्या कपड्यांतील छायाचित्रे चोरून त्यांचा गैरवापर केला जाऊ शकतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी साध्या छायाचित्रातूनही बनावट अश्लील प्रतिमा तयार करता येत असल्याने या प्रश्नाचे गांभीर्य वाढले आहे.

शाळेतील उपाय

शाळेची जबाबदारी केवळ संगणक कक्षापुरती मर्यादित नसते. पालकांचे व्हॉट्सॲप गट, शिक्षकांचे वैयक्तिक फोन, शाळेचे समाजमाध्यमांवरील पान आणि घरी करावयाचे प्रकल्प हे सर्व शाळेच्या ऑनलाइन व्यवहाराचे भाग होत. लेखी धोरण असलेल्या शाळांत पुढील बाबींचा समावेश आढळतो:

- संगणक व टॅबवर आशय गाळणारी यंत्रणा बसविणे आणि पडदे शिक्षकांना दिसतील अशी बैठकव्यवस्था करणे.
- वर्गाच्या गटात केवळ शिक्षक किंवा मुख्याध्यापक संदेश पाठवू शकतील अशी मांडणी करणे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांशी खासगी संदेशांतून संपर्क न ठेवणे.
- छायाचित्रे प्रसिद्ध करण्यापूर्वी पालकांची लेखी संमती घेणे आणि छायाचित्रासोबत मुलाचे पूर्ण नाव व वर्ग न देणे.
- ऑनलाइन तासिकेसाठी प्रतीक्षा कक्ष व पासवर्ड वापरणे आणि दुवा सार्वजनिक न करणे.
- ‘इंटरनेटवरून माहिती शोधून आणा’ असा मोकळा गृहपाठ देण्याऐवजी शिक्षकांनी आधी पाहिलेली संकेतस्थळे सुचविणे.
- ऑनलाइन त्रासाच्या तक्रारी ऐकण्यासाठी एका शिक्षकाची नेमणूक करणे.

मुलांच्या छायाचित्रांचा प्रश्न महाराष्ट्रात शासकीय पातळीवरही उद्भवला होता. शाळाबाह्य मुलांचे प्रमाण कमी करण्याच्या हेतूने शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून ती शासनाच्या प्रणालीवर चढवावी, असा निर्णय नोव्हेंबर २०१६ मध्ये घेण्यात आला. शिक्षकांच्या विरोधानंतर जानेवारी २०१७ मध्ये त्याची अंमलबजावणी थांबविण्यात आली.

राज्यातील शाळांमध्ये तक्रारपेटी ठेवणे आवश्यक असून २०२२ च्या शासन निर्णयानुसार सखी सावित्री समित्या स्थापन करण्याची तरतूद आहे. या यंत्रणा प्रामुख्याने शाळेच्या आवारातील सुरक्षेसाठी असल्या, तरी ऑनलाइन प्रकारांच्या तक्रारींसाठीही त्यांचा उपयोग होऊ शकतो. लिहिता न येणाऱ्या लहान मुलांसाठी मात्र तक्रारपेटी पुरेशी नसते. त्यांना तोंडी सांगता येईल अशी विश्वासाची व्यक्ती शाळेत असावी लागते.

कायदेशीर तरतुदी

भारतात या विषयासाठी एकच स्वतंत्र कायदा नसून अनेक कायद्यांतील तरतुदी एकत्रितपणे लागू होतात.

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा ‘पोक्सो’ या नावाने परिचित असलेला कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात आला. लैंगिक हेतूने इलेक्ट्रॉनिक किंवा डिजिटल माध्यमातून मुलाशी वारंवार संपर्क साधणे हा त्याच्या कलम ११ नुसार लैंगिक छळ ठरतो. कलम १९ नुसार असा अपराध घडल्याची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीवर विशेष बालपोलीस पथक किंवा स्थानिक पोलीस यांना कळविण्याचे बंधन आहे. माहिती दडविणाऱ्या संस्थाप्रमुखास कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. शाळेची अब्रू जाईल म्हणून प्रकरण आपसांत मिटविणे, हे त्यामुळे बेकायदेशीर आहे. कलम २३ नुसार पीडित बालकाची ओळख माध्यमांत उघड करण्यास मनाई आहे.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ६७ब समाविष्ट झाले. मुलांचे लैंगिक चित्रण प्रसिद्ध करणे, पाठविणे, शोधणे किंवा उतरवून घेणे, तसेच मुलांना लैंगिक हेतूने ऑनलाइन संबंधांसाठी प्रवृत्त करणे या कलमाखाली दंडनीय आहे. पहिल्या अपराधासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी जस्ट राइट्स फॉर चिल्ड्रन अलायन्स विरुद्ध एस. हरीश या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला आणि असा आशय केवळ जवळ बाळगणेही विशिष्ट परिस्थितीत पोक्सो कायद्याखाली अपराध ठरते, असे स्पष्ट केले. अशा आशयासाठी ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ऐवजी बालकांच्या लैंगिक शोषणाचा व अत्याचाराचा निर्देश करणारी संज्ञा वापरावी, असेही न्यायालयाने सुचविले.

माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ नुसार ओटीटी सेवांना आपल्या कार्यक्रमांचे यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए असे वयानुसार वर्गीकरण करावे लागते. यू/ए १३+ आणि त्यावरील आशयासाठी पालकांना कुलूप लावता येईल अशी सोय देणे सेवांवर बंधनकारक आहे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ९ नुसार १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीवर प्रक्रिया करण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेणे आवश्यक आहे. मुलांचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविणे यांस हा कायदा मनाई करतो. मुलांविषयीच्या कर्तव्यांचा भंग केल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने करण्याची योजना आहे. शैक्षणिक कार्य आणि मुलांची सुरक्षा यांसाठी शिक्षणसंस्थांना काही सवलती देण्यात आल्या आहेत.

तक्रार आणि मदत

मुलांसाठीची १०९८ ही विनाशुल्क दूरध्वनी सेवा चोवीस तास उपलब्ध असते. तिचा आरंभ १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या एका प्रकल्पातून झाला. आता ही सेवा केंद्राच्या मिशन वात्सल्य या योजनेखाली शासकीय यंत्रणेमार्फत चालविली जाते. सायबर गुन्ह्यांसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाचे राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळ असून त्यावर महिला व बालकांविषयीच्या गुन्ह्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच कळविल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता असते. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०१६ मध्ये पोक्सो ई-बॉक्स ही ऑनलाइन तक्रारीची सोय सुरू केली. तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक वापरता येतो.

तक्रारीपूर्वी घ्यावयाची काळजी महत्त्वाची असते. संदेश घाईने पुसून टाकल्यास पुरावा नष्ट होतो. खात्याचे नाव, दुवा, दिनांक व वेळ यांची नोंद करावी आणि धमकी देणाऱ्या व्यक्तीशी वाटाघाटी न करता खाते अवरोधित करावे. मुलाच्या अत्याचाराची चित्रफीत ‘इतरांना सावध करण्यासाठी’ म्हणूनही गटांत पुढे पाठवू नये. तसे करणे स्वतंत्र गुन्हा ठरतो आणि त्यात पीडित मुलाची पुन्हा मानहानी होते. मुलाला तोच प्रसंग अनेकांसमोर पुन्हा पुन्हा सांगायला लावणेही टाळले जाते. पोक्सो कायद्यानुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी नोंदविता येतो आणि त्या वेळी पोलीस अधिकाऱ्याने गणवेशात नसावे, अशी तरतूद आहे.

अमेरिकी कंपन्यांना आपल्या सेवांवर आढळलेला बाल लैंगिक अत्याचाराचा आशय तेथील नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉयटेड चिल्ड्रन या संस्थेला कळवावा लागतो. भारताच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१९ मध्ये या संस्थेशी केलेल्या करारामुळे भारताशी संबंधित माहिती येथील यंत्रणेला मिळते आणि पुढे राज्यांच्या पोलिसांकडे जाते. अशा आशयाविरुद्ध महाराष्ट्र सायबर या राज्याच्या यंत्रणेने ‘ऑपरेशन ब्लॅकफेस’ ही मोहीम हाती घेतली होती.

ग्रामपातळीवरील प्रयोग

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक वेगळा प्रयोग सुरू केला. रोज सायंकाळी सात वाजता गावात भोंगा वाजतो आणि साडेआठच्या सुमारास दुसरा भोंगा होईपर्यंत ग्रामस्थांनी दूरचित्रवाणी संच व मोबाइल बंद ठेवावेत, असे ठरविण्यात आले. या वेळेत मुले अभ्यास व वाचन करतात. नियम केवळ मुलांसाठी नसून मोठ्यांनाही लागू असणे, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य होय. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्याच्या बांशी या गावाच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. पहिल्या प्रयोगात वेळेची सामूहिक शिस्त, तर दुसऱ्यात सरसकट प्रतिबंध अशी दोन भिन्न धोरणे दिसतात.

इतर देशांतील स्थिती

अमेरिकेत १३ वर्षांखालील मुलांची माहिती गोळा करण्यासाठी पालकांची संमती आवश्यक करणारा ‘कोपा’ हा कायदा १९९८ मध्ये संमत झाला. या कायद्याच्या भंगाबद्दल गूगल व यूट्यूब यांनी २०१९ मध्ये १७ कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यानंतर मुलांसाठीच्या चित्रफितींवरील वैयक्तिकृत जाहिराती आणि प्रतिक्रियांची सोय बंद करण्यात आली. ऑस्ट्रेलियाने २०१५ मध्ये मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी स्वतंत्र आयुक्तपद निर्माण केले. १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा तेथील कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला. ब्रिटनने २०२३ मध्ये ऑनलाइन सुरक्षा अधिनियम संमत केला. युरोपात २००४ मध्ये सुरू झालेला सुरक्षित इंटरनेट दिवस आता फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यातील मंगळवारी भारतासह अनेक देशांत पाळला जातो.

मतमतांतरे

बंदी की शिक्षण, हा या विषयातील मुख्य वाद आहे. बंदीच्या समर्थकांच्या मते लहान वयात फोनचे लाभ थोडे आणि धोके अधिक आहेत. विरोधकांच्या मते बंदीमुळे वापर थांबत नाही, तो लपून होऊ लागतो आणि त्रास झाल्यास मूल मदत मागण्यास कचरते. बंदीचा जाच मुलींना अधिक होतो आणि त्यांचे शिक्षण मागे पडू शकते, असाही आक्षेप घेतला जातो.

दुसरा वाद देखरेखीच्या मर्यादेविषयी आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या वापरावर पूर्ण लक्ष ठेवणे योग्य मानले जाते; तथापि वय वाढते तशी ही देखरेख सैल करून त्याची जागा संवादाने घ्यावी, असे बालहक्क क्षेत्रात मानले जाते. भारतातील डेटा संरक्षण कायद्याने सहा वर्षांचे मूल आणि सतरा वर्षांचा युवक यांना एकच नियम लावल्याबद्दल टीका झाली आहे. पालकांच्या संमतीवर भर देणाऱ्या तरतुदींबाबत आणखी एक प्रश्न उपस्थित केला जातो: ज्या घरांत फोनची तांत्रिक माहिती मुलालाच पालकांपेक्षा अधिक असते, तेथे अशी संमती नाममात्र ठरण्याचा संभव असतो. त्यामुळे पालकांच्या प्रशिक्षणाइतकेच, सेवा मुळातच मुलांसाठी सुरक्षित करून देण्याचे बंधन कंपन्यांवर असावे, अशी मागणी होत आली आहे.